किती तारे?

रमजानआधी गाडी घ्यायचे ठरले. ईदला जोगेश्वरीहून चिपळूणला जायचे, घरची पाच माणसे. अंधेरीच्या एका शोरूममध्ये विक्रेत्याने अर्धा तास सनरूफ, स्क्रीन आणि मायलेजचे गुण गायले. नववीतल्या मुलीने विचारले, "अंकल, हिला सेफ्टीचे किती स्टार?" तो म्हणाला, "बेटा, या मॉडेलची टेस्टच झालेली नाही."

परीक्षेलाच न बसलेल्याला पास कसे म्हणायचे?

२०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची 'भारत एनकॅप' चाचणी सुरू झाली. मोठ्यांसाठी वेगळे तारे, मुलांसाठी वेगळे. पण चाचणी ऐच्छिक आहे. माणसांचा जीव ज्या पत्र्याच्या भरवशावर असतो, तो तपासून दाखवणे कंपनीच्या मर्जीवर का असावे? निदान आपण विचारले तरी पाहिजे.

आम्ही दुसरी, तारे मिळालेली गाडी घेतली. निघताना अब्बा मागे बसले. "मागे पट्टा कशाला?" मुलीने सायरस मिस्त्रींची आठवण दिली. ४ सप्टेंबर २०२२, पालघर जिल्हा. गाडी महागडी, पण मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता.

अब्बा गप्प झाले. मग सफरची दुआ पढली आणि पट्टा ओढला. 'खट्' आवाज आल्यावरच गाडी सुरू केली.