लोट्याने काय बोलावे

काशीच्या संकठा घाटावर मराठी माणसाला परके वाटायचे कारण नाही. एका बाजूला बायजाबाई शिंदे यांनी १८३० साली बांधवून घेतलेला सिंधिया घाट, दुसऱ्या बाजूला थोडे पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. आणि संत एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली पूर्ण केले तेही याच नगरीत. वर गल्लीत संकठादेवीचे देऊळ, खाली गंगा आणि मध्ये दगडी पायऱ्यांची उतरण. या घाटासाठी एक खेळणे घडवायचे आहे असे समजू. तांब्याचा एक लोटा, त्याच्या तळाशी दोन-तीन सेन्सर, एक लहानसा स्पीकर आणि त्यांना जोडणारी बोटभर लांबीची चिप. लोटा पाण्यात बुडवला की पाणी बोलू लागेल. असे यंत्र जोडणे आज कॉलेजातल्या मुलांनाही जमते. खरा पेच पुढे आहे : पाण्याने बोलायचे म्हणजे नेमके काय बोलायचे? माझे म्हणणे असे, की वस्तूला नाद द्यावा, शब्द देऊ नयेत. आणि तो नादही तिच्या अंगी जे खरोखर घडते आहे तेवढ्यापुरताच असावा.

शब्दांचा मोह मोठा असतो. लोट्यातून एखाद्या आजीच्या सुरात ‘बाळा, मी थकले रे’ असे वाक्य काढले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. पण सेन्सरला थकवा कळत नाही. त्याला पाण्याचे तापमान कळते. विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते कळते. पाण्यात सोडलेला उजेड तरंगत्या कणांवर आदळून किती विखुरतो, म्हणजे पाणी किती गढूळ आहे, तेही कळते. त्यापलीकडे त्याची धाव नाही. आंघोळीच्या पाण्यात मैलाजन्य जिवाणूंचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे २,५०० पेक्षा अधिक नसावे, असे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मानक सांगते. ते तपासायला नमुना प्रयोगशाळेत नेऊन निदान एक दिवस उबवावा लागतो. लोट्याला ते क्षणात कळणे शक्य नाही. इथे रचनाकाराची कसोटी लागते. नितळ पाण्याला गोड सूर आणि गढूळ पाण्याला बेसूर अशी सोपी वाटणी केली, तर थंडीतले निवळलेले पण जिवाणूंनी भरलेले पाणी गोड गाईल, आणि श्रावणात डोंगरातला गाळ घेऊन येणारे पाणी उगाच दोषी ठरेल. म्हणून लोट्याने निवाडा देऊ नये. गढूळपणा वाढेल तशी तानपुऱ्यातली जवारी, म्हणजे तारांची झंकारती गुंज, खुलत जावी, तापमानासोबत षड्ज चढावा-उतरावा. आणि जिवाणूंबद्दल लोट्याने स्वच्छ मौन पाळावे. ते मौनही मुलांना समजावून सांगण्याजोगे आहे.

यावर पहिला आक्षेप आपल्याच परंपरेतून येईल. ज्ञानदेवांनी पैठणला रेड्याच्या मुखी वेद वदवले, असे आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. नाथांच्या भारुडांत मुका बोलतो, बहिरा बोलतो, आंधळाही आपली कहाणी सांगतो. मग यंत्रानेच शब्द का टाळावेत? कारण भारूड आपले सोंग लपवत नाही. समोर उभा आहे तो कलावंत आहे आणि बोलणे नाथांचे आहे, हे श्रोत्याला पहिल्यापासून ठाऊक असते. म्हणूनच तो त्यातून परमार्थ उचलतो. रेड्याच्या कथेतही चमत्काराला चमत्कारच म्हटले आहे. यंत्राचे तसे नाही. त्याला सेन्सर लावला की ते मोजमापाची साक्ष काढते आणि ऐकणारा त्यावर विश्वास टाकतो. त्या विश्वासाच्या आडून रचनाकाराने स्वतःची वाक्ये पाण्याच्या नावावर खपवली, तर ती खोटी साक्ष झाली. कवीने दगडाला खुशाल बोलके करावे. मोजणाऱ्याने मोजले तेवढेच कळवावे.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. जवारी निवडली कोणी, षड्ज ठरवला कोणी? शब्द काय, नाद काय, दोन्ही माणसानेच दिलेले. मग फरक उरला कुठे? या प्रश्नाचे उत्तर तबल्यात आहे, आणि बनारसचे तर तबल्यात स्वतःचे घराणे आहे. साधे ताणलेले कातडे वाजवले तर त्यातून निघणारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. मध्यभागी शाईचा लेप देऊन कातडे जड केले की स्वर जुळू लागतात. मृदंगासारख्या आपल्या वाद्यांचा हा गुण चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडला. शाई माणसाने लावली, पण कातड्याचा ताण बदलला की स्वर बदलतो आणि ओल धरली की तो उतरतो. वस्तूची सत्ता तिथे शाबूत राहते. क्रोएशियातल्या झादर शहरात निकोला बाशिच या वास्तुकाराने २००५ साली समुद्रकाठच्या पायऱ्यांखाली ३५ नळ्या बसवल्या. लाटा आत हवा ढकलतात आणि पायऱ्या गातात. नळ्यांचे सूर बाशिच यांच्या रचनेतले आहेत, पण कोणता सूर कधी लागेल ते समुद्र ठरवतो. आपल्या लोट्याचीही अट हीच असावी : सप्तक रचनाकाराने नेमावे, चाल पाण्याने धरावी. वाक्य मात्र आधीच लिहून ठेवलेले असते. पाण्याने काहीही केले तरी त्यातले अक्षर बदलत नाही.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा. तीर्थावर खेळणे कसले, आणि आधीच घंटा, शंख, होड्यांची इंजिने यांनी भरलेल्या घाटावर आणखी एक आवाज कशाला? आवाजाची तक्रार रास्त आहे, म्हणून लोट्याचा नाद हातात धरणाऱ्याच्या कानापुरताच असावा. घाटाला ऐकवण्याची त्याला गरज नाही. श्रद्धेबद्दल मात्र काशीनेच उत्तर देऊन ठेवले आहे. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. ते गंगेत नेमाने स्नान करत, आणि १९८२ साली त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेने तुलसी घाटावर त्याच पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी चालवली. पूजा आणि मोजमाप एका माणसात सुखाने नांदू शकतात, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार. गंगा कृती योजना १९८६ साली याच काशीतून सुरू झाली. आकडे तेव्हापासून जमतच आहेत. राजघाटावरच्या मोजपट्टीची ७१.२६२ मीटर ही धोक्याची पातळी दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येते. नदीला सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे हवीत, खेळणी नकोत. हे खरेच आहे, आणि लोटा त्या केंद्रांची जागा घेऊ शकत नाही. पण छापलेला आकडा नुसता वाचायचा असतो. लोटा स्वतः बुडवावा लागतो. पुण्याच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंमधून शास्त्र शिकवले. त्यांची स्ट्रॉची पिपाणी फुंकता फुंकता कात्रीने कापत गेले की सूर चढत जातो, आणि नळीची लांबी व स्वर यांचे नाते मुलाच्या हाताला कळते. तसाच लोटा चार पायऱ्या सोडून पुन्हा बुडवला, नाल्याच्या तोंडाशी नेला, पाऊस पडून गेल्यावर आणला, की मूल आपणहून विचारील : इथे सूर का बदलला? आणि लोटा जिथे गप्प राहतो, तिथे आणखी काय मोजायला हवे?

हे प्रश्न मोठ्यांनीही विचारायला हवेत. म्हणून वस्तूंना वाचा देऊ पाहणाऱ्या तरुण रचनाकारांना एवढीच विनंती : आपल्या यंत्रात वाक्ये भरू नका. पाणी, दगड, घंटा यांचे जे मोजता येते ते प्रामाणिकपणे ऐकू येऊ द्या, जे मोजता येत नाही तिथे थांबा, आणि अर्थ लावायचे काम ऐकणाऱ्यावर सोपवा.