गोड खात नाही, तरी शुगर कशी?

आमच्या वस्तीवर एक ऊसतोड कामगार आहे. वय ४२, अंगावर पाव किलो जादा मांस नाही. गेल्या वर्षी पायाची जखम भरेना म्हणून तपासलं तर शुगर निघाली, आणि शेवटी अंगठा काढावा लागला. त्याचं म्हणणं एकच, "भाऊ, मी कुठं गोड खातो? मग मलाच कशी शुगर?"

हा प्रश्न आज नगर जिल्ह्यात (कागदावर अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं) घरोघरी ऐकू येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. आईला १२ वर्षांपासून मधुमेह आहे, घरात शुगर मोजायचं मशीन आहे आणि वाचायची सवय आहे, एवढंच.

रक्तातली साखर फक्त साखरेच्या डब्यातून येत नाही. भात, पोळी, पोहे, साबुदाणा, बिस्कीट, बटाटा, सगळ्यातल्या पिठाची पोटात गेल्यावर साखरच होते. ती रक्तात आली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन ती साखर स्नायूंत आणि यकृतात पोचवतं, उरली तर चरबी करून ठेवतं.

पाटाच्या पाण्यासारखं समजा. आवर्तन वेळेवर आलं, जमीन पाणी प्याली, पीक येतं. पण पाणी अतोनात झालं की काय होतं, हे प्रवरेच्या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. जमीन उपळते, मग पाणी मुरतच नाही. शरीराचंही तेच. यकृतात, पोटाच्या आत चरबी साठत गेली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, काही वर्षं रेटतं, मग थकतं. रिपोर्टात शुगर दिसते तोवर हे बरीच वर्षं चाललेलं असतं.

मग वाळक्या माणसाला का होतं? याचं उत्तर शोधणारा माणूस आपल्या शेजारचाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. म्हणजे दिसायला हडकुळं, आतून चरबीचं. याज्ञिकांनी स्वतःचंच उदाहरण २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के!

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांच्या शरीराला पन्नाशीत साखर नीट पेलवत नव्हती, असं पुढं दिसलं. आता आपल्याकडचा ७२ चा दुष्काळ आठवा. लाल मिलो, सुकडी, खडी फोडणाऱ्या गरोदर बाया. आपल्याकडं तर हे पिढ्यानपिढ्या चाललं. कमी खाण्यावर घडलेल्या शरीरापुढं एकदम पांढरं धान्य, साखर आणि बिस्किटं मुबलक आली. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीनं देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि १३ कोटींहून जास्त लोक उंबरठ्यावर असल्याचं सांगितलं. सगळे काय जिलेबी खाऊन झाले?

आता ताटाकडं येऊ.

मशीनवर आईची शुगर वेगवेगळ्या जेवणांनंतर दोन तासांनी मोजत आलोय. एका माणसाचा अनुभव आहे, त्याला संशोधन म्हणू नका. पोहे आणि गोड चहा झाला की आकडा चढतो. एक भाकरी, मेथीची भाजी आणि मटकीची उसळ खाल्ली तर ५०-६० नं कमी राहतो. हुलग्याची शेंगोळी तिला मानवते. साबुदाण्याची खिचडी सगळ्यात वाईट, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. एकादशी दुप्पट खाशी हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतंच.

गुळाच्या चहाचं फॅड आहे सध्या. मनमाड रोडला जा, पुणे रोडला जा, पाट्याच पाट्या. "गुळाचा आहे, शुगरवाल्याला चालतो." नाही चालत. गूळही उसाचाच, त्यातही बहुतांश साखरच.

भाकरीलाही देव करू नका. ज्वारी-बाजरीत तंतू जास्त, म्हणून साखर सावकाश चढते. पण चार भाकरी चुरून खाल्ल्या तर चढणारच. आधी भाजी, उसळ, काकडी, मग भाकरी, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं, याला एक पैसा लागत नाही.

दीक्षित की दिवेकर, यावर आपल्या ग्रुपांत भांडणं झाली. डॉ. जगन्नाथ दीक्षित डॉ. श्रीकांत जिचकारांचा धागा धरून दोन वेळाच जेवा म्हणतात, ऋजुता दिवेकर थोडं थोडं खा म्हणतात. एक लक्षात ठेवा, ज्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या आहेत त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण तोडू नये. शुगर एकदम उतरणंही जिवावर बेततं.

पण हे सगळं ज्याच्या हातात ताट आहे त्याच्यासाठी. त्या ऊसतोड कामगाराच्या ताटात काय पडतं, हे तो ठरवत नाही, रेशन दुकान ठरवतं. बहुतेक महिने गहू आणि तांदूळ. कर्जत-जामखेड-पारनेरची शाळू एकेकाळी गरिबाची भाकरी होती. आज बाजारात ती गव्हापेक्षा महाग, आणि शहरात 'मिलेट' म्हणून पुड्यात विकली जाते. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यातून या भागात शाळा आल्या, दवाखाने आले. ते नाकारत नाही. पण उसाला जेवढं पाणी, जेवढा पैसा, जेवढं राजकारण मिळालं, त्याच्या चौथाईनं तरी ज्वारी-बाजरी आणि कडधान्याकडं बघा की. राहुरीचं कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे, ज्वारीची चांगली वाणं तिथं निघालीत. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, त्यात भरड धान्य आहेच. नवीन कायदा कुणी मागत नाही.

दुसरं, तपासणी. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची शुगर-बीपी उपकेंद्रात फुकट तपासायची, असा सरकारचाच कार्यक्रम आहे. तो ऊसतोड्याच्या टोळीपर्यंत पोचतो का? टोळी ऑक्टोबरात निघते, उन्हाळ्यात परतते. जाण्याआधी कोपीवाल्यांची तपासणी करायला काय हरकत आहे? हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून शाळेत न गेलेल्या बायकांना गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं, जग बघायला आलं.

तर पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. रेशनवर दरमहा ज्वारी किंवा बाजरी, आणि हंगामाआधी ऊसतोड कामगारांची शुगर तपासणी, पायासकट. ठरावाची नक्कल तहसीलला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याला द्या, पोच घ्या. आमच्या गावचा मसुदा तयार आहे, ज्याला पाहिजे त्यानं मागा, लगेच पाठवतो.