आवाज कुठून येतो?



टाळकऱ्याला एक खोड लागते. टाळ हातात नसला तरी त्याचा कान टाळावरच असतो. आमच्या दिंडीतले तात्या असेच आहेत. पन्नास जोड्या एका ठेक्यात वाजत असताना त्यात एखादा टाळ चिरलेला असला, तर ते डोळे न उघडता सांगतात, "तिसऱ्या रांगेत बघा." असे कान मोटारीला लावायची वेळ आली तर काय होते, ते आज सांगतो. विषय दिंडीच्या गाडीचा आहे, आणि या दिवसांत तुमच्यापैकी कित्येकांच्या दारात अशी एखादी गाडी तयारीला लागली असेल.

आमची जीप जुनी, डिझेलवरची. वर्षभर कांदा, खत, पाहुणे असे काहीही वाहते. आषाढीला तिच्यात पाण्याची पिंपे, अंथरुणे, औषधांची पेटी आणि पायांनी साथ सोडलेली चार-पाच म्हातारी माणसे असतात. सासवडचे आम्ही, त्यामुळे दिवे घाट हा आमचा रोजचा रस्ता. हडपसरला काही आणायला जायचे म्हणजे आधी घाट उतरायचा. तुम्ही तो पालखीबरोबर चालत चढला असाल. भरलेली गाडी घेऊन उतरताना त्याच वळणांवर चालवणाऱ्याचे सगळे लक्ष उजव्या पायाखाली असते.

वैशाखात नात म्हणाली, "नाना, आपली गाडी शिट्टी वाजवते." मला काही ऐकू येईना. तिची आजीही म्हणाली, काही नाही. पण नऊ वर्षांच्या कानाला जे ऐकू येते ते साठीच्या कानाला येईलच असे नाही. लहान मुलाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर टिपतो, आणि वय वाढते तसे सगळ्यांत वरचे स्वर आधी मिटत जातात. माणसाला कळतही नाही, कारण समोरच्याचे बोलणे नीट ऐकू येत असते. म्हणून मी नातीला शेजारी बसवले, काचा खाली केल्या आणि शाळेच्या लांब भिंतीलगतच्या बोळातून गाडी सावकाश नेली. भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि उघड्यावर विरणारी बारीक शिट्टीही पकडता येते. जाताना भिंत डावीकडे होती, येताना उजवीकडे. नात म्हणाली, "डावीकडं."

मग रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या पोराने बॉनेट उघडले, गाडी सुरू केली आणि फॅनबेल्ट दाखवला. सकाळी थंड गाडी सुरू करताना 'कुईं' असा आवाज येत होताच, तो मलाही ऐकू यायचा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी भरायला अल्टरनेटर जोर लावतो, त्या ओढीने गुळगुळीत झालेला पट्टा पुलीवरून घसरतो आणि ओरडतो. पट्टा बदलला. सकाळचा आवाज गेला. नातीची शिट्टी राहिली. त्या पोराला मी लबाड म्हणणार नाही, त्याने ऐकलेला आवाज खराच होता. फक्त गाडीत आवाज दोन होते आणि पहिला सापडल्यावर त्याने शोध थांबवला.

या काळात सल्ले पुष्कळ मिळाले, आणि बहुतेक एकच होता: तेल सोडा. आपली सवयच तशी आहे. रहाट कुरकुरला, तेल. बैलगाडीचा आस ओरडला, वंगण. दाराची बिजागरी, शिवणयंत्र, पाळण्याची कडी, सगळ्यांना तेल. पण मोटारीत दोन जागा अशा आहेत की जिथे घासणे हेच काम आहे: पट्टा आणि ब्रेक. पट्ट्याला तेल लागले की रबर फुगते आणि तो आणखी घसरतो. ब्रेकच्या पॅडला तेल लागले तर आवाज कदाचित थांबेल, गाडी मात्र थांबणार नाही. हात जोडून सांगतो, कुणी कितीही आपुलकीने सांगितले तरी तिथे तेलाचा डबा नेऊ नका.

शेवटी गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी हत्यार उचललेच नाही, आधी प्रश्न विचारले. "गाडी उभी असताना येतो का चालताना?" चालताना. "तोच वेग ठेवून गिअर बदलला तर आवाज बदलतो?" नाही. म्हणजे इंजिनाशी त्याचा संबंध नाही, चाकाशी आहे. "वळताना वाढतो?" फारसा नाही. "ब्रेक दाबल्यावर?" याचे उत्तर मला देता येईना. मग ते नातीला मागे बसवून स्वतः फेरी मारून आले. उतरल्यावर ती म्हणाली, "ब्रेकवर हळूच पाय ठेवला की शिट्टी बंद होते. पाय काढला की परत."

मिस्त्री हसले. "नाना, ही आवाज काढायलाच बसवलेली असती."

ब्रेकच्या पॅडला पोलादाची एक छोटी जीभ असते. पॅड जाड असेपर्यंत ती चाकाच्या डिस्कपासून दूर राहते. पॅड झिजत आला की ती डिस्कला टेकते आणि फिरत्या लोखंडावर किंचाळू लागते. ब्रेक दाबला की बहुधा ती दाबून धरली जाते आणि गप्प होते. महाग गाड्यांत यासाठी समोर दिवा लागतो, आमच्यासारख्यांच्या गाडीत जीभ. काही स्वस्त पॅडना तीही नसते, म्हणून पॅड घेताना उलटून पाहावे.

मी म्हटले, "पण मिस्त्री, पॅड चांगले दिसताहेत. चाकाच्या फटीतून मीच पाहिले." ते म्हणाले, "फटीतून बाहेरचाच दिसतो." जॅक लावला, डावे पुढचे चाक काढले. बाहेरचा पॅड खरोखर अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. आतला, डिस्कच्या पलीकडचा, जो चाक काढल्याशिवाय दिसत नाही, तो जेमतेम २ मिलिमीटर उरला होता. नवा असतो १० ते १२ मिलिमीटरचा. दोन्ही पॅडना धरणारा कॅलिपर दोन पिनांवर सरकायला हवा, म्हणजे दाब दोन्हींकडे सारखा जातो. त्या पिना चिखलपाण्याने जाम झाल्या होत्या. सगळा भार आतला एकटाच सोसत होता. पुढे तो संपला असता तर लोखंड लोखंडावर आले असते. आमच्या गाडीचे ते व्हायचे ठिकाण मला उघड दिसत होते: घाटातले उतरते वळण, मागे पाण्याची पिंपे आणि पिंपांना टेकून बसलेल्या दोन म्हाताऱ्या.

पिना काढून, घासून मिस्त्रींनी त्यांना उष्णता सोसणारे ग्रीस लावले. वंगण लागले ते शेवटी एवढ्याच जागी, करंगळीच्या टोकाएवढे. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलले, कारण एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेक लावताना एकीकडे ओढते. निघण्याआधी त्यांनी मला जागच्या जागी पाच-सहा वेळा ब्रेक दाबायला लावला. नवे पॅड बसवल्यावर पहिल्या दाबाला पेडल खोल जाते. हे ठाऊक नसलेला माणूस गॅरेजच्या दारातच कुणाला तरी धडकतो.

नवा पट्टा आणि पॅड मिळून खर्च झाला, पण घेणारे हात प्रामाणिक होते, त्यामुळे तक्रार नाही. माझी तक्रार 'आवाज बंद करून द्या' या वाक्याविषयी आहे. गॅरेजात सगळ्यांत जास्त हेच बोलले जाते आणि मिस्त्रीही कंटाळून तेच करून देतात. ती जीभ पकडीने वाकवली की आवाज बंद होतो. दोन मिनिटांचे काम. असे वाकवलेले पॅड आमच्या मिस्त्रींनी पाहिले आहेत. त्याऐवजी तुम्ही जाल तेव्हा 'आवाज कशाचा आहे ते सांगा' म्हणा, आणि तो कधी येतो, कधी थांबतो हे घरून टिपून न्या. घरात लहान मूल असेल तर त्यालाच न्या.

ज्येष्ठात सामान भरून आम्ही एकदा घाट उतरून चढून आलो. नात सगळा वेळ कान देऊन बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "नाना, आता मागून किरकिर येते." पाहिले, तर मागच्या दाराची बिजागरी होती. तिला तेल दिले.