पापणीचा विसर

उत्तर भारतातील एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एक जुना स्पेक्ट्रोमीटर अजून चालू आहे. त्याचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही, म्हणून काचेच्या जाड नळीचा जुना मॉनिटरही तेथेच मुक्काम ठोकून आहे.

त्याच्यासमोर रोज सहा-सात तास बसणाऱ्या संशोधक विद्यार्थिनीचे डोळे दुपारपासून चुरचुरत, अक्षरे धूसर होत. दृष्टी गमावण्याच्या धास्तीने तिने प्रबंध सोडण्याचाही विचार केला. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेतला, पण गुण आला नाही. २०२३ मध्ये कॉक्रेनने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हाही अशा चष्म्यांनी अल्पकाळात ताण कमी होत असल्याचे दिसले नव्हते.

नेत्रतज्ज्ञांनी तपासले, डोळे निरोगी होते. एरवी मिनिटाला सुमारे पंधरा वेळा मिटणारी पापणी पडद्याकडे एकटक पाहताना निम्म्याहूनही कमी वेळा मिटते. मग अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात. तिचा मॉनिटर आडव्या सीपीयूवर ठेवलेला होता. वर पाहताना डोळे अधिक उघडे राहतात, म्हणून ते आणखी सुकत. तिने तो टेबलावर उतरवला आणि खिडकीचे प्रतिबिंब पडणार नाही असा वळवला.

दुसरे कारण मॉनिटरच्या आत होते. अशा पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत चित्र पुन्हा पुन्हा रेखाटतो आणि प्रत्येक रेखाटनानंतर उजेड क्षणभर मंदावतो. सेकंदाला ६० वेळा रेखाटलेले चित्र समोरून स्थिर भासले, तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून ते लुकलुकताना जाणवते. कारण दृष्टीची कड अशा लुकलुकीला अधिक संवेदनशील असते. तिने सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वरून ८५ हर्ट्झ केला आणि उजळपणा उतरवला. लुकलुक जाणवेनाशी झाली.

आता दर २० मिनिटांनी ती २० सेकंद खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहते. जवळचे पाहताना आवळून राहिलेला भिंगाभोवतीचा स्नायू तेवढ्यात सैल होतो.

नव्या संगणकाच्या मागणीची फाईल अजून फिरतेच आहे. प्रबंधाचे तिसरे प्रकरण मात्र लिहून झाले आहे.