थंड इंजिनावर हात

आजरा मागे टाकून आंबोलीकडे निघालो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले असतील. ढग इतके खाली उतरले होते की दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. साल २०१५, महिना आषाढ. मागे बायको, तिच्या पाठीवर सॅक, आणि खाली चार सिलिंडरची, सहाशे सीसीची लाल गाडी. या गाडीसाठी मी सात वर्षं पैसे साठवले होते. सावंतवाडीला बायकोचं माहेर. कोल्हापूरहून जेवून निघायचं आणि संध्याकाळच्या चहाला पोहोचायचं, असा बेत होता.

गाडी एकदम बंद पडली नाही. आधी इंडिकेटरची उघडझाप मंदावली. मग काट्याने शून्यावर लोळण घेतली आणि तो पुन्हा जागेवर आला. हेडलाइटचा उजेड पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबूस. मी वेग कमी केला, आणि तीच चूक झाली असावी, कारण इंजिनाने दोनदा ठसका दिला आणि ते थांबलं. स्टार्टरचं बटण दाबलं तर नुसतं टक्-टक्. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा त्या दुपारी आमच्यावर पडला, असं बायको अजून सांगते. अर्ध्या किलोमीटरवरच्या चहाच्या टपरीपर्यंत आम्ही ती दोनशे किलोची गाडी ढकलत नेली. रात्री आठ वाजता एक छोटा हत्ती मिळाला. त्यात गाडी दोरांनी बांधून आम्ही परत कोल्हापूरला आलो. वाटेत बायको एवढंच म्हणाली, "तू म्हणाला होतास, ही गाडी कधी धोका देत नाही." मी खरंच तसं म्हणालो होतो, आणि त्या कंपनीच्या इंजिनाची ख्याती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी गाडी उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांच्या दुकानात तेव्हाही पाच-सहा आरएक्स १०० उभ्या असायच्या. त्यांनी सीट काढली, आत नाक घातलं, आणि बोटांनी एक काळा झालेला, वितळलेला कनेक्टर बाहेर ओढला.

"इंजान बेस हाय," ते म्हणाले. "इंजान असं लवकर मरत न्हाई बाळा. भोवतीनं जे बसवलंय न्हवं, ते मरतंय."

जळाला होता तो रेग्युलेटर-रेक्टिफायर, तळहाताएवढा अॅल्युमिनियमचा ठोकळा. मी यंत्रांच्या डिझाइनमध्ये काम करतो, तरी त्या दिवसापर्यंत त्याच्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. बहुतेक मोटारसायकलींचा अल्टरनेटर कायमच्या चुंबकाचा असतो. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी वीज तो बनवत राहतो, त्याला 'पुरे' म्हणता येत नाही. जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर नको असलेली वीज शॉर्ट करून परत अल्टरनेटरच्याच गुंडाळ्यांकडे वळवतो, आणि त्यात दोघेही तापतात. हा ठोकळा वाऱ्याच्या तोंडावर बसवला तर निभावतो. माझ्या गाडीत तो सीटखाली, शेपटीत, जिथे वाऱ्याची झुळूक पोहोचत नाही अशा जागी कोंबला होता. तो भाजला, त्याचा कनेक्टर वितळला, बॅटरी भरणं थांबलं, आणि उरलेल्या विजेवर गाडी जेवढी चालली तेवढी चालली. दीडशेच्या वेगाने तासन् तास पळू शकणारं इंजिन त्या ठोकळ्यापायी घाटात मेलं.

तो ठोकळा मिळायला सात आठवडे लागले. कोल्हापुरात नव्हता, पुण्यात नव्हता, मुंबईत मागवावा लागला आणि तो परदेशातून आला. बसवला. तीन महिन्यांनी स्टेटर, म्हणजे अल्टरनेटरच्या त्या गुंडाळ्या, जळाला. पुन्हा वाट. पुढच्या उन्हाळ्यात मी ती गाडी घेतल्याच्या जवळपास निम्म्या किमतीला विकली.

ही गाडी घेताना मी काय पाहिलं होतं, हे आता सांगायला हवं. २००८चं मॉडेल, आणि काट्यावर फक्त ७,२०० किलोमीटर. सहा वर्षांत एवढंच चाललेली गाडी म्हणजे जपलेली गाडी, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात ती उभी राहून राहून बिघडलेली होती. उभ्या गाडीत ब्रेकचे पिस्टन अडकतात, टायर दगडासारखे कडक होतात, बॅटरी मरते. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, टाकीच्या तळाशी पाणी साठतं आणि गंज धरतो. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर २००७चा शिक्का होता. सात-आठ वर्षं जुने टायर घेऊन मी बायकोला मागे बसवलं होतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर तीन वर्षं मोठी गाडी घेतली नाही. पण ओढ गेली नव्हती. २०१९मध्ये पुन्हा शोध सुरू केला तेव्हा ठरवलं की या वेळी अश्वशक्तीचा आकडा सगळ्यात शेवटी पाहायचा.

एका रविवारी कागद घेऊन गणित मांडलं. पिस्टन सिलिंडरमध्ये सरासरी किती वेगाने धावतो, हे स्ट्रोक आणि फेऱ्यांवरून काढता येतं. आमच्या दूधवाल्याच्या स्प्लेंडरचा स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर. मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला १३ मीटर धावतो. यामाहा आर-वनचा स्ट्रोक ५०.९ मिलिमीटर, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा फारसा वेगळा नाही, पण तिची २०० अश्वशक्ती १३,५०० फेऱ्यांवर मिळते. तिथे पिस्टनचा वेग सेकंदाला २३ मीटर होतो, आणि दिशा बदलताना त्याच्यावर येणारी प्रवेगाची ओढ स्प्लेंडरच्या सुमारे तिप्पट. प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला एकशे बारा वेळा उघडतो आणि मिटतो. कावासाकी निन्जा ६५०चा स्ट्रोक ६० मिलिमीटर, पूर्ण ताकद ८,००० फेऱ्यांच्या आसपास, पिस्टनचा वेग १६ मीटर. ताकद सत्तरच्या आत-बाहेर. पण तिच्या पिस्टनचं आयुष्य आर-वनपेक्षा दूधवाल्याच्या गाडीच्या जास्त जवळचं. हा आकडा पाहून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

याचा अर्थ आर-वन लवकर मरते असा नाही. ती त्या ओढीसाठीच बनवली आहे, तिचे धातू वेगळे, घडण वेगळी, आणि कात्रजच्या चढावर कोणी तिला १३,५०० फेऱ्यांपर्यंत नेत नाही. फरक पडतो तो देखभालीत. ताणून बांधलेल्या यंत्राला तेल, व्हॉल्व्हची फट, कूलंट या सगळ्यांत चूक माफ नसते. मालकाने एक सर्व्हिस चुकवली तर त्याचं बिल पुढच्या मालकाला येतं.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ची २०१५ची पाहणी वाचनात आली. चार वर्षं जुन्या गाड्यांत बिघाडाचं प्रमाण यामाहाचं ११ टक्के, सुझुकी आणि होंडाचं १२ टक्के, कावासाकीचं १५ टक्के. हार्लेचं २६, डुकाटीचं ३३, बीएमडब्ल्यूचं ४०. गंमत अशी की ज्यांच्या गाड्या जास्त बिघडल्या त्यांतले अनेक मालक पुन्हा तीच गाडी घ्यायला तयार होते. मोटारसायकलवर माणसं जीव लावतात, त्याला बिघाड आड येत नाही. पण मला सगळ्यात पटली ती दुसरी गोष्ट. तक्रारी मुख्यतः दिवे, स्विच, ब्रेक, वीज आणि इंधनपुरवठा यांच्या होत्या, खुद्द इंजिनाच्या थोड्या. मिस्त्रींनी वितळलेला कनेक्टर हातात धरून सांगितलं होतं, तेच.

माझा एक मित्र तेव्हा डुकाटीच्या प्रेमात होता. त्या गाड्यांत व्हॉल्व्ह बंद करायलाही स्प्रिंगऐवजी कॅम असतो, म्हणून फट दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. बऱ्याच मॉडेलांत कॅम फिरवणारे पट्टेही ठरावीक वर्षांनी बदलावे लागतात. काम नाजूक, वेळखाऊ, आणि ते करणारे हात मोजके. पुढे २०२०मध्ये कंपनीनेच मल्टिस्ट्राडा व्ही-फोरच्या इंजिनात ती पद्धत सोडून साध्या स्प्रिंग घातल्या आणि व्हॉल्व्ह तपासण्याचं अंतर ६०,००० किलोमीटरवर नेलं. इतकी वर्षं अभिमानाने मिरवलेली गोष्ट लांबच्या प्रवाशासाठी बाजूला ठेवायला धैर्य लागतं. मला त्या निर्णयाचा आदर वाटतो.

मग मी एक काम केलं, जे पहिल्या खेपेला करायला हवं होतं. गाडी बघण्याआधी सुट्या भागांच्या काउंटरवर गेलो. हातात यादी: रेग्युलेटर, क्लच केबल, ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर, रेडिएटर, लिव्हर. प्रत्येकाची किंमत आणि किती दिवसांत मिळेल, एवढंच विचारलं. तीन कंपन्यांच्या काउंटरवर फिरलो. एका ठिकाणी रेडिएटरला "दीड-दोन महिने धरा" असं उत्तर मिळालं, आणि त्या गाडीचा विषय तिथेच संपला. चाकणला जुळणी होणाऱ्या निन्जाचे बहुतेक भाग आठवड्याच्या आत मिळतील असं कळलं. पुण्यातल्या नाना पेठेत तर क्लच केबल आणि पॅड दुकानदाराने लगेच काउंटरवर आणून ठेवले.

गाड्या बघायला मिस्त्री माझ्याबरोबर आले. वय सत्तरीकडे, तरी आले. निगडीत एक हजार सीसीची गाडी होती, चकचकीत, आवाज गोड, किंमतही बरी. मिस्त्रींनी पार्किंगमध्ये शिरताच काही न बोलता इंजिनाच्या कव्हरवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"गरम हाय."

"हो, तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली," विकणारा मुलगा म्हणाला.

"मग आमी जरा च्या पिऊन येतो."

आम्ही अडीच तास चहा प्यायलो. परत आलो तेव्हा इंजिन थंड होतं. बटण दाबलं, दोनदा नुसतं घरघरलं, तिसऱ्यांदा सुरू झालं, आणि वरच्या बाजूने डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट आला. कॅम चेनचा टेन्शनर गेला होता. सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला आणि मिनिटभराने विरला. गरम इंजिनात यातलं काहीच दिसलं नसतं. तेल पोहोचलं, धातू फुगून फटी भरल्या, बॅटरी भरली, की आजारी गाडीही निरोगी दिसते. तो मुलगा लबाड नव्हता असं मला वाटतं, त्यालाही ते माहीत नसावं. पण आम्ही निघालो.

शेवटी गाडी मिळाली सांगलीत. एका प्राध्यापकांची निन्जा ६५०, काट्यावर २३,४०० किलोमीटर. पहिल्या गाडीच्या तिप्पट चाललेली, आणि मला त्याची भीती वाटली नाही. त्यांच्याकडे प्रत्येक सर्व्हिसची पावती तारखेने लावलेली होती, अगदी ब्रेक ऑइल बदलल्याचीसुद्धा. इंजिन थंड होतं. मी खिशातून मल्टिमीटर काढला. बंद गाडीत बॅटरी १२.७ व्होल्ट. पहिल्या दाबाला इंजिन सुरू झालं, आवाज सरळ. हेडलाइट लावून ४,००० फेऱ्यांवर १४.३ व्होल्ट. मिस्त्रींनी पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे फिरवलं, बेअरिंग कुठे अडकत नाही ना पाहिलं, पुढच्या नळ्यांवर बोट फिरवून तेलाचा ओघळ शोधला, आणि म्हणाले, "घे." चेन आणि मागचं स्प्रॉकेट झिजलं होतं, त्याचे पैसे किमतीतून वजा केले. प्राध्यापकांनी वाद घातला नाही.

या गाडीने मला सहा वर्षांत दोनदा थांबवलं. एकदा कराडजवळ पंक्चर, एकदा क्लच केबल. केबल कुडाळमध्ये तुटली आणि नवी माझ्या सीटखाली होती. पुस्तकात लिहिलेल्या अंतरावर मी व्हॉल्व्हची फट तपासून घेतो, गरज नसली तरी. पावसाळ्याआधी प्रत्येक कनेक्टर उघडून पुसतो. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. काट्यावर आता ६१,८०० किलोमीटर आहेत, आणि तीन वेळा आम्ही दोघं आषाढातच आंबोली उतरून सावंतवाडीला गेलो आहोत.

मिस्त्री दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचं दुकान मुलगा चालवतो.

मोठी गाडी घेण्याच्या विचारात असाल, तर विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करा आणि एकच विनंती करा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर हेल्मेट उतरवण्याआधी इंजिनाच्या कव्हरवर हात ठेवा.