समुद्रापासून दूरचे खारे पाणी

मुंबईत 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या समोरच समुद्र होता. बालाघाटाच्या डोंगररांगेतील घाटनांदूरला मात्र खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार विरघळवून तो घडवावा लागतो, आणि टाकी नव्याने बसवायची वेळ येते तेव्हा जीव अडकतो तो अपृष्ठवंशीयांत, म्हणजे पाठीचा कणा नसलेल्या कोळंबी, शंख, खेकड्यांत. विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही साखळी जुळायला काही आठवडे लागतात, म्हणून तोवर या जिवांना जुन्या टाकीतील जिवाणूयुक्त खडकासह, हवेचा पंप लावून, वेगळ्या टबात ठेवणे इष्ट. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहणारे हिमोसायनिन हे प्रथिन तांब्यावरच चालते, तरी माशांच्या औषधातून पाण्यात उतरलेले थोडेसे तांबे तिचा जीव घेते, हे मनाला चटका लावणारे आहे. ती कात टाकते तेव्हा मिशांसकट उरलेली पारदर्शक खोळ मेलेल्या कोळंबीसारखी भासते, आणि मऊ अंगाची खरी कोळंबी खडकाच्या फटीत दडलेली असते. क्षारतेतील अचानक बदल तिला सोसत नसल्याने नवे पाणी थेंबाथेंबाने मिसळावे लागते. तो बदल तिला कसा जाणवत असेल, हे काचेबाहेरून पाहणाऱ्याला उमगत नाही.