मुक्कामाचं पाणी

जुन्नर तालुका पूर्वेला आणे पठारावर सुरू होतो आणि पश्चिमेला नाणेघाटाच्या कड्यावर संपतो. गाडीने हे अंतर फार तर दोन-अडीच तासांचं, पण तेवढ्यात पाऊसमान इतकं बदलतं की आण्याकडे कोरडवाहू शेती आणि घाटघरला भातखाचरं. मे महिन्यात मात्र दोन्हीकडची माती सारखीच तापलेली असते. मुलांच्या सुट्टीत आम्ही तंबू आणि पाण्याचे कॅन गाडीत टाकून निघतो ते याच दिवसांत. बरोबर सासूबाईही असतात. ओळखीचे लोक म्हणतात, पावसाळ्यात जा की, धबधबे असतात. धबधबे सुंदरच असतात. पण पावसाळ्यात पाणी सगळीकडे असतं, त्यामुळे ते कुणी राखलं हे दिसत नाही. उन्हाळ्यात दिसतं, आणि मुलांनी ते पाहावं असं मला मनापासून वाटतं.

इथला डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर थिजलेला लाव्हा. या काळ्या कातळात पाणी सहजासहजी मुरत नाही. जून ते सप्टेंबर धो धो कोसळतं आणि वाहून जातं. म्हणून इथे ज्यांना राहायचं होतं त्यांनी कातळातच टाकी खोदली. शिवनेरीवर गंगा-जमुना आहेत, चावंडवर सात टाक्यांचा समूह आहे. शिवनेरीवर मुलं शिवजन्माची जागा पाहायला धावतात, आणि पाहावीच. पण गडावर माणसं राहू शकली ती या टाक्यांमुळे, हेही मी त्यांना टाक्याच्या काठावर उभं करून सांगते.

चावंडच्या पायथ्यावरून पुढे पूर गावात कुकडेश्वराचं जुनं दगडी मंदिर लागतं. कुकडी नदी याच परिसरात उगम पावते. तिथून घाटघर, आणि मग जीवधन किल्ला डावीकडे ठेवून नाणेघाट. सोपारा, कल्याणच्या बंदरांतला माल सातवाहनांच्या काळात याच वाटेने चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. इथल्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. तिच्या कुटुंबाने केलेले यज्ञ आणि दिलेली दानं त्यात मोजून लिहिली आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही या भिंतीवर आहेत. बाहेर तो दगडी रांजण, जकातीचा म्हणून लोक दाखवतात तो.

मी मात्र मुलांना आधी टाक्यांकडे नेते. इथल्या एका लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाने पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. हा राजा नव्हे. कोकणातल्या बंदरातून आलेला कुणी एक, आणि त्याने घाटमाथ्यावर टाकं खोदवलं. इथून जाणारे लोक त्याच्या गावचे नव्हते, नात्याचे नव्हते. एवढा चढ चढून आल्यावर माणसाला आणि बैलाला पाणी लागतं, इतकंच त्याला ठाऊक असणार. टाक्यातलं पाणी हिरवट काळं होतं, वर वाळकी पानं तरंगत होती. सासूबाईंनी ओंजळीने पानं बाजूला सारली आणि पाणी डोळ्यांना लावलं. धाकटी म्हणाली, "हे अजून आहे?" दोन हजार वर्षांचा हिशेब तिला त्या एका प्रश्नात नीट समजला होता.

रात्री घाटघरला एका घरी विचारलं, "मावशी, तंबू कुठे लावू?"

"रानात नको बाई, वाघ फिरतो. अंगणातच लाव," त्या म्हणाल्या. इथे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि उसामुळे तो आता सगळ्या तालुक्यात आहे. अंगणाच्या एका कडेला बाळहिरडा वाळत घातला होता. सुरकुतलेला, काळा, बोटाच्या पेराएवढा. त्यावरच इथल्या महादेव कोळी घरांचे उन्हाळ्याचे चार पैसे अवलंबून असतात. मावशींनी न मागता पाण्याचा हंडा आणून ठेवला. विहीर किती लांब आहे, हे सकाळी त्यांच्यामागून चालत गेले तेव्हा कळलं. आमचे कॅन गाडीत भरलेले होते. ते मी त्यांच्या पिंपात रिकामे केले. त्या नको नको म्हणत होत्या.

तिथून घोडेगावमार्गे शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं डिंभे धरण. घोड नदीवरच्या या जलाशयाला महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूचं नाव दिलं आहे. 1930 साली मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे ते आडवे झाले आणि गेले. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगाव गाव याच पाण्याखाली आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी हे एक. त्यांच्या कालव्यांवर पार करमाळ्यापर्यंतची शेतं पिकतात, आणि ती पिकायलाच हवीत. पण ज्यांची घरं आणि भातखाचरं बुडाली, त्यांच्या वाड्यांवर मे महिन्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात आणि खाली निळं पाणी चमकत असतं. हे दृश्य मला सहन होत नाही. तरी गाडी थांबवून मी मुलांना ते दाखवते.

रस्ता जलाशयाच्या काठाकाठाने आहुप्याला जातो आणि कड्यावर संपतो. समोर खाली गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. गावाची देवराई आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवराया हिंडून अभ्यासल्या आणि गावांनी देवाच्या नावाने काय जपलंय ते जगापुढे मांडलं. बाहेर टाच भाजत होती, आत पाऊल ठेवलं की पालापाचोळा ओलसर लागला. मे संपता संपता इथल्या झाडांवर काजवे येतात. काजव्याची अळी अशाच ओल्या मातीत वाढते. पिढ्यान् पिढ्या कुणी कुऱ्हाड लावली नाही, म्हणून ही ओल टिकली आणि झाड उजळलं. रात्री आम्ही बॅटऱ्या बंद करून गावातल्या माणसाने सांगितलं तिथेच उभे राहिलो.

निसर्गात मोकळं राहायला आलो, असं आपण म्हणतो. या दोन तालुक्यांत फिरताना मला ते पटत नाही. इथल्या प्रत्येक मुक्कामामागे कुणीतरी आधी केलेली सोय आहे. गोविंददासाने टाकं दिलं, आहुप्याने झाडं राखली, मावशींनी हंडा आणला. येणारा कोण, हे त्यांनी विचारलं नाही. मग आलेल्यानेही काही पाळावं. विचारून उतरावं, पाणी आपलं न्यावं, उरलं तर घरधन्याला द्यावं, टाक्यात साबण घालू नये आणि जेवणाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. डोंगर कसे चढायचे ते मुलं आपोआप शिकतील. आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसाला पाणी मिळेल असं वागणं मात्र शिकवावं लागतं, आणि त्यासाठी मे महिन्यातल्या जुन्नर-आंबेगावसारखी दुसरी शाळा मला माहीत नाही.